दहा आणि अकराच्या मधला माणूस

खानदेशातून परत येऊन महिना होत आला, तरी कुणी "कसं होतं गं तिकडे?" असं विचारलं की माझ्या तोंडून आधी "सपाट" एवढंच निघतं. आमच्या कुडाळकडच्या माणसाला ते सांगून कळायचं नाही. आमच्याकडे नजर कुठेही टाका, तिला काहीतरी अडवतंच: माड, दगडी गडगा, डोंगर, नाहीतर शेजाऱ्याचं न्हाणीघर. तिकडे नजर निघाली की निघाली. जळगाव यायच्या आधी खिडकीतून केळीच्या बागा लागल्या, त्या संपल्यावर कापूस, कापसामागे आभाळ, आणि त्या सगळ्यात आडोसा म्हणून काही नाही. कॅमेऱ्याच्या बॅगेचा पट्टा मी मनगटाला दोनदा गुंडाळून बसले होते, तो तिसऱ्यांदा गुंडाळला.

मी निघाले होते एका फोटोसाठी. एकाच. आणि तो ज्या भिंगाने काढायचा ते भिंग माझ्याकडे नव्हतं.

फोटो नानांना हवा होता. नाना मूळचे शिंदखेडा तालुक्यातले, पण नोकरीची बरीच वर्षं त्यांनी आमच्या वाडीत काढली, वीज खात्यात लाईनमन म्हणून. मी सातवीतून शाळा सोडलेली, काजूच्या कारखान्यात जायचे, चिकाने बोटं काळी झालेली. नानांना फोटोंचा नाद. त्यांनीच मला कॅमेरा हातात धरायला शिकवला. मी आकड्यांना घाबरायचे तर म्हणायचे, "मीटरचे आकडे वाचता येतात ना तुला? मग झालं. हे त्याहून सोपं." निवृत्त होऊन गावी जाताना आपला कॅमेरा त्यांनी माझ्याकडे ठेवला, तो परत मागितलाच नाही. आज मी बारशी, लग्नं, शाळेची स्नेहसंमेलनं करते ती त्या कॅमेऱ्यावर. म्हणून आषाढात नानांचा फोन आला, "वैजू, कानबाईला ये, फोटो काढायचाय," तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न जमेल की नाही हा होता.

कानबाई म्हणजे तिकडची घरात बसवायची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी सकाळी नदीवर जाते. नारळाला डोळे, नथ, लुगडं, सगळा थाट चौरंगावर. त्या दिवशी सगळे भाऊबंद एका घरी जमतात, गव्हाचे रोट होतात, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. नानांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा, आबांचा, शेताच्या बांधावरून अबोला होता. इतकी वर्षं एकाच गल्लीत दोन कानबाया बसत होत्या. यंदा दोघांच्या बायकांनी, म्हणजे नानांच्या अक्कांनी आणि आबांच्या जिजींनी, आपसात ठरवून टाकलं की रोट एकाच चुलीवर होतील. पुरुषांना नंतर कळवलं. नानांना हवा होता तो या सगळ्या भाऊबंदांचा, कानबाईबरोबर एकत्र काढलेला फोटो.

"गावात फोटोवाला नाही का?" मी विचारलं.

"आहे. तो आबाच्या साडूचा पोरगा. तालुक्याचा बोलवावा तर तो माझ्या ओळखीचा. एखादा कडेला कापला गेला तर म्हणतील, मुद्दाम कापला. की पुन्हा दोन कानबाया. तू कुणाचीच नाहीस, म्हणून तू ये."

हे ते मायेनेच बोलले. मी म्हटलं, "दोन फोटो काढून जोडता येतात नाना. कळत पण नाही."

"कळतं," नाना म्हणाले. "मी जन्मभर तारा जोडल्या पोरी. सांधा तो सांधाच."

मोबाईलचं मीच विचारलं. तर आबांचा मुलगा भूषण, जो धुळ्याला नोकरी करतो, त्याने मागे साखरपुड्यात मोबाईलवर असा रुंद फोटो काढून भिंतीएवढा करून आणला होता. मागच्या रांगेतल्यांची तोंडं भिजवलेल्या कणकेसारखी आली. तेव्हापासून त्या घरात मोबाईलच्या फोटोचं नाव काढत नाहीत.

"खोली केवढी आहे?"

"दोन खणांची."

"खण म्हणजे किती?"

"दोन तुळयांमधली जागा."

"आणि दोन तुळयांमध्ये किती?"

"आता ते कुणी मोजतं का?"

माझ्या कॅमेऱ्याबरोबरचं भिंग अठरापासून सुरू होतं. भिंगाचा आकडा जितका लहान, तितकं ते रुंद बघतं. त्याने आमच्या पडवीत माझ्या मामाच्या घरची माणसंदेखील मावत नाहीत. म्हणजे आणखी रुंद, खूप रुंद बघणारं भिंग हवं. आमच्याकडे मिळेना. ऑनलाईन मागवायचा धीर होईना, कारण चुकीचं आलं तर परत करून दुसरं यायला श्रावण संपायचा. नाना म्हणाले जळगावला मोठी दुकानं आहेत, चार दिवस आधी ये. आले.

जळगाव

श्रावण असून उन्हाने अंग भाजत होतं. आमच्याकडे या दिवसांत वाळत घातलेली चादर तीन दिवस ओली राहते, इथे लॉजच्या गच्चीवर टाकलेला रुमाल मी तोंड पुसून येईस्तोवर कडक झाला. एक मात्र मला फार बरं वाटलं. कुठेही पत्ता विचारला की आधी पाणी पुढे करतात, मग पत्ता सांगतात.

कॅमेऱ्याच्या दुकानाचे शेठ मूळ राजस्थानचे जैन, पण तीन पिढ्या जळगावात, मराठी अस्सल. मी कॅमेरा काढून गल्ल्यावर ठेवला आणि काय हवं ते सांगायला लागले तर माझा आवाजच फुटेना. ते म्हणाले, "बसा बहेन. पाणी घ्या. भिंग काही पळून जात नाही."

त्यांनी पहिल्यांदा काढलं ते सोळा-पस्तीसचं, वापरलेलं, चांगलं जडजूड. "मोठ्या कॅमेऱ्याचं आहे. जन्मभर पुरेल. याच्यापुढे रुंद काय बघायचं?"

हातात घेतल्यावर कुणालाही हेच हवंसं वाटावं. पण नानांनी एकदा मला परातीत भाकरी आणि वाटी घेऊन समजावलं होतं, ते आठवलं. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतली जी पट्टी चित्र टिपते ती, लहान आहे. मोठ्या कॅमेऱ्याचं भिंग परातभर भाकरी थापतं, पण माझी वाटी तिच्यावर उपडी घातली की वाटीपुरतीच भाकरी माझी. कडेचं सगळं बाहेर. म्हणून मोठ्या कॅमेऱ्यावरचं सोळा माझ्याकडे येऊन सोळासारखं वागणार नाही.

"लावून बघू का?" मी विचारलं.

आधी माझ्या अठराच्या भिंगाने शेठ, त्यांची खुर्ची आणि मागचं कपाट असा फोटो काढला. मग त्याच जागेवरून सोळाच्या भिंगाने. दोन्ही बघितले. दुसऱ्या फोटोत कपाटाची मूठ जास्तीची आली होती. बाकी तेच.

शेठ चष्मा वर करून बघत राहिले, मग हसले. "बरोबर पकडलंत. किती शिकलात?"

"सातवी."

"मी नववी. आपलं जमेल."

मग त्यांनी दहा-अठराचं काढलं. लहान कॅमेऱ्यासाठीच केलेलं, हलकं, प्लास्टिकचं, जत्रेतल्या खेळण्यासारखं. मला विश्वासच वाटेना. पण लावलं आणि डोळ्याला कॅमेरा लावला तर सगळं दुकान आत: पंखा, भिंतीवरचे तीर्थंकर, दारातली सायकल आणि खाली माझ्या चपलांची टोकं. मी दचकून एक पाऊल मागे गेले तर आणखी सायकल आली. फोटो काढला. शेठ कडेला उभे होते. स्क्रीनवर बघितलं तर त्यांचं पोट गल्ल्यापर्यंत आलेलं, डोकं एका अंगाला लांबलेलं.

"हा कोण?"

"तुम्हीच. कडेला होतात ना. हे भिंग कडेचं ओढतं, मधलं नीट ठेवतं."

ते मधे येऊन उभे राहिले. दुसऱ्या फोटोत जसे होते तसे आले, साधे, मध्यम बांध्याचे. पहिला पुसू का विचारलं तर म्हणाले, "ठेवा, ठेवा. कुणी विचारलं तर सांगा, जळगावचे शेठ खात्यापित्या घरचे आहेत."

इथेच घेऊन टाकायचं होतं. पण माझा स्वभाव. हे भिंग उजेड कमी आत घेतं आणि नानांची खोली अंधारी. फ्लॅश मारावा तर त्याचा उजेड एवढ्या रुंदीला पुरत नाही, मधले लोक उजळतात आणि कडेचे काळे पडतात. कडेला जो कुणी काळा पडेल तो काय म्हणेल ते मला ऐकू यायला लागलं होतं. भूषणने फोनवर सांगितलं होतं की धुळ्याला एक स्टुडिओवाले आपलं अकरा-सोळाचं भिंग विकतायत, ते भरपूर उजेड घेतं. मी शेठना घाबरत घाबरत म्हटलं की ते बघून कळवते.

"बघा की," ते म्हणाले. "हेच हवं असेल तर फोन करा, एसटीने पाठवतो. इथून सगळं एसटीने जातं. औषधं, चष्मे, पत्रिका. एकदा जावयाचे दातसुद्धा पाठवलेत." एवढं बोलून ते उठलेच. चातुर्मास चालू, त्यांना दिवस मावळायच्या आत जेवायचं होतं.

मलाही भूक लागली होती, आणि जळगावात येऊन भरीत खायचं हे मी घरूनच ठरवून आले होते. खानावळीतल्या मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी भलतंच मागितलंय. "चातुर्मासात वांगं? चंपाषष्ठीनंतर ये बाई." मग शेवभाजी दिली आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. भाजीवर तेलाचा लाल तवंग. पहिल्या घासाला कानातून वाफ निघाली. मी ताटात खोबरं शोधत होते, ते आमच्यासारखं वर दिसत नाही, भाजून वाटून त्या लालात कुठेतरी असतं. दुसरी भाकरी मात्र मागून घेतली.

आईचा फोन आला. "गो, जेवलंस? थंय भात गावता काय?"

"गावता," मी म्हटलं. भात कुठे मिळाला होता, पण तिला काळजी नको म्हणून. काळजीचं खातं मी एकटी चालवत होते तेवढं पुरे होतं.

धुळे

पारोळ्यावरून एसटी धुळ्याला पोचली तेव्हा भूषण स्टँडवर उभा होता. अंगाने आडवा, तोंडाने सारखा बोलणारा मुलगा. म्हणाला, "ताई, तुम्ही आलात म्हणून बरं. घरात नाना आणि आमचे आबा दोघं पण तुमची वाट बघतायत. तेवढ्यापुरतं एकमत आहे."

स्टुडिओवाल्या भाऊंनी चहा मागवला आणि अकरा-सोळाचं भिंग माझ्या हातात दिलं. वजनदार, काच मोठी, खिडकी बंद केली तरी फोटो उजळ. मला वाटलं, हेच.

"एकच सांगा भाऊ," मी म्हटलं, "जळगावला दहाचं बघितलंय. हे अकराचं."

"दहा काय नि अकरा काय ताई. एकाने काय होतं? उजेड बघा, उजेड."

बोलणं पटण्यासारखं होतं. पण मला पटलं तरी धीर येत नाही, करून बघावं लागतं. दहाचं हाताशी नव्हतं, म्हणून बाराशी ताडून बघायचं ठरवलं. त्यांच्या स्टुडिओच्या बोळात मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले, भूषणला समोरच्या भिंतीच्या अगदी कोपऱ्यात उभं केलं. बारावर ठेवून बघितलं तर भूषणचा खांदा आणि अर्धं तोंड बाहेर. भिंगावरची कडी अकरावर फिरवली, भूषण पुरता आत. मी कडी मागेपुढे फिरवत राहिले आणि तो आत-बाहेर होत राहिला. पन्नास आणि एक्कावन्नमध्ये काही फरक पडत नाही. पण या टोकाला एका आकड्यात एक माणूस येतो किंवा राहतो.

"म्हणजे दहा असतं तर अजून एक जण आला असता," भूषण म्हणाला. त्याने ते सहज म्हटलं. मी ते मनात ठेवलं आणि दुसरी शंका काढली.

"भाऊ, एखादा दिवा लावता का? समोर?"

त्यांनी मला वेड्यात काढलं असणार, पण बल्ब लावला. फोटोत बल्बपासून खाली तिरकी जांभळ्या ठिपक्यांची ओळ आली, नेमकी भूषणच्या शर्टावर. कॅमेरा हलवला तर ठिपके त्याच्या कपाळावर.

"कानबाईपुढे दोन समया असतात," भूषण म्हणाला. "आणि आबांनी यंदा लाईटच्या माळा आणल्यात. बंद करायला कोण सांगणार त्यांना? मी नाही."

शेठच्या दुकानातल्या फोटोत वर ट्यूबलाईट होती, ती मी पुन्हा काढून बघितली. ठिपका नव्हता. उजेड कमी घेईल तर घेऊ दे, लोकांना श्वास धरून उभं राहायला सांगता येईल. आत आलेल्या माणसाला उजेड देता येतो, बाहेर राहिलेल्याला आत घेता येत नाही. भाऊंचे आभार मानले. ते नाराज झाले नाहीत, चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत. मी रस्त्यावर येऊन शेठना फोन केला आणि मोबाईलवरूनच पैसे पाठवले.

नंतरची दुपार मी धुळ्याच्या स्टँडवर काढली. शेठ म्हणाले होते, बस निघाली, कंडक्टरकडे खोकं आहे. कुठली बस ते सांगताना फोन कटला. जळगावची प्रत्येक बस आली की मी धावत जाऊन विचारायचे आणि कंडक्टर मान हलवायचे. भूषण भजी खात सांगत होता, "येईल ताई. एसटीत वस्तू हरवत नाही, माणूस हरवतो." शेवटी एका बसचा कंडक्टर दारातूनच ओरडला, "भिंगवाली ताई कोण?" त्याने ते खोकं पारोळ्यापासून मांडीवर धरलं होतं. खोकं केळीच्या वेफर्सचं. मला वाटलं, चुकून दुसऱ्याचंच आलं. उघडलं तर वर खरेच वेफर्स, आणि त्यांच्या पोटात, वर्तमानपत्राच्या चार घड्यांत, भिंग. शेठनी पुढच्या काचेसाठी मऊ फडकंही टाकलं होतं, न मागता.

गावात

नाना वाळले होते. दारातच त्यांनी कॅमेरा माझ्या खांद्यावरून घेतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "नीट ठेवलायस." माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी प्रवासाच्या धुळीवर ढकललं. अक्का बाहेर आल्या. लहानखुऱ्या, वाऱ्याने उडतील अशा. "ये माय, दमनी व्हशी," म्हणाल्या आणि हात धरून आत घेऊन गेल्या.

घर धाब्याचं. म्हणजे छपराला उतार नाही, लाकडी तुळयांवर मातीचं सपाट धाबं, वर माणसं धान्य वाळवतात. आमच्याकडे असं छप्पर केलं तर मिरगाच्या आठवड्यात डोक्यावर येईल. मी आधी दोन खण बघायला धावले. खोली माझ्या मनातल्यापेक्षा लहान, आणि तिचा मोठा तुकडा चौरंगासाठी राखलेला. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि मनातल्या मनात माणसं रचायला लागले. ती रचून होईनात.

रविवारी त्या घरात मला पाय ठेवायला जागा नव्हती. गिरणी धुऊनपुसून घेऊन मग कानबाईचं दळण दळलं होतं. रोट, पुरणाच्या पोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी. गंगाफळ म्हणजे आमचा लाल भोपळा, पण तिकडे त्याला गंगा लागल्यामुळे मान जास्त. जेवताना अक्का माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "रोट तुले देता येत नही, माय. वाईट वाटी नको लेऊ." मी म्हटलं, आमच्या देवळातही ज्याचा मान त्यालाच, मला सवय आहे. त्यांनी माझ्या पानात पुरणाची पोळी वाढली आणि तिच्यावर इतकं तूप घातलं की पोळी दिसेना.

दोघे भाऊ एकाच खोलीत होते, आणि बोलत भूषणशी होते.

"भूषण, तुझ्या काकाला विचार, समई कुठे ठेवायची."

नाना तिथेच, हातभर अंतरावर. "भूषण, तुझ्या बापाला सांग, उजवीकडे."

"भूषण, त्याला सांग, उजवीकडे वारा लागतो."

भूषणने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि समई स्वतःच उचलून डावीकडे ठेवली. तो माझ्याकडे बघून हसला. मला हसू आलं नाही. मी विचार करत होते की ही दोन माणसं एका फोटोत कशी येणार, आणि नाही आली तर त्याचं खापर कुणाच्या भिंगावर फुटणार.

सोमवारी सकाळी, कानबाई उचलायच्या आधी, फोटो. आणि तेव्हा मला कळलं की तिपाईवर कॅमेरा बसवायची जी लहानशी चकती असते, ती जळगावच्या लॉजवर राहिली. मी बॅग तीनदा उपडी केली. नानांनी कोपऱ्यातल्या धान्याच्या कोठीवर गोधडीची घडी ठेवली. कॅमेरा तिच्यावर टेकला. बरोबर छातीच्या उंचीला, सरळ. आता मागे जायला एक बोटही जागा नव्हती. जे करायचं ते भिंगानेच.

लोक आत यायला लागले. मुलं पुढे, बायका चौरंगाच्या दोन्ही बाजूंनी, पुरुष मागे. नाना गेले ते थेट डाव्या भिंतीला चिकटून उभे राहिले. आबा उजव्या. आपापली माणसं आपापल्या बाजूला, आणि मधे, कानबाईच्या मागे, मोकळी भिंत. एवढी दाटी, आणि मधेच जागा रिकामी. मी कॅमेऱ्यातून बघितलं. दोघेही अगदी कडेला. नानांचं डोकं लांबलं होतं, आबांचा खांदा आणि गाल फुगून बाहेर आला होता. भिंतीवर मोठा करून लावल्यावर हे कसं दिसेल ते मला दिसलं. आबा म्हणतील, त्या पोरीने नानाचं ऐकून माझं तोंड बिघडवलं. आणि पुढच्या श्रावणात पुन्हा दोन चुली.

मी काही डोकं लढवलं असं कुणी समजू नये. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी खरं बोलून टाकते.

"नाना, आबा," मी म्हटलं, "कडेला नका उभे राहू. हे भिंग कडेच्या माणसाचं डोकं गंगाफळासारखं करतं."

आबा म्हणाले, "असं कसं? काच ती काच."

मी कॅमेरा उचलून त्यांच्याजवळ गेले आणि शेठचा फोटो दाखवला. आबांनी तो लांब धरून बघितला. "हा माणूस खरा केवढा आहे?"

"तुमच्याएवढाच."

"पोट?"

"तुमच्याएवढंच."

मग मी मधला फोटो दाखवला. आबांनी दोन्ही पाहिले, पुन्हा पहिला पाहिला. धोतराचा सोगा सावरला आणि सरकत सरकत मधे येऊन कानबाईच्या उजव्या अंगाला उभे राहिले. मी कॅमेरा नानांकडे नेला. नाना म्हणाले, "मला दाखवू नको, मला माहितेय." ते भिंतीपाशी थोडा वेळ तसेच थांबले. मग तेही आले. दोघांच्या मधे कानबाईच्या मुखवट्याएवढी जागा राहिली, ती मागून कुणीतरी ढकलल्याने गेली.

"मग कडेला कोण?" एक काका म्हणाले. "आमची डोकी काय फुकटची आहेत?"

"मी उभी राहते," भूषणची बायको म्हणाली. काडीसारखी मुलगी. "माहेरी म्हणतात सासरी गेल्यापासून वाळली. जरा भरलेली दिसले तर बरं." सगळे हसले, आणि मग बारीक माणसांना दोन्हीकडे पाठवायचं काम लोकांनी आपणच हातात घेतलं. कोण बारीक यावर थोडी वादावादी झाली, पण ती चांगल्या मनाने.

कडी मी अकरावर ठेवली होती. टोकाचा आकडा हातचा राखला होता, तिथे कडा फार ओढली जाते म्हणून. "श्वास धरा," मी म्हटलं. फोटो काढला. दुसरा काढला. स्क्रीनवर बघितलं: ठिपके नाहीत, माळा लखलखतायत, समया जळतायत, कुणी कापलेलं नाही.

"बठ्ठा उनात का?" मागून कुणीतरी विचारलं. सगळे आले का.

कॅमेरा हातोहात फिरला. जो तो आपलं तोंड शोधत होता. आबांच्या हातात आला तेव्हा त्यांनी आपलं बघितलं, मग बोट फिरवत सगळ्यांवरून गेले, एकदा, दोनदा. मग मान वर केली आणि सरळ नानांकडे बघून विचारलं, मधे भूषण नाही की कुणी नाही, "वहिनी कोठे शे?"

नाना इकडेतिकडे बघायला लागले. चुलीकडून कपांचा आवाज येत होता. अक्का वाजंत्रीवाल्यांसाठी चहा गाळत होत्या. त्या नेहमी तिथेच असतात, म्हणून त्या नाहीत हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्याही.

"चहा राहू द्या वहिनी," आबा हाक मारत स्वतः आत गेले आणि त्यांना घेऊन आले, हातात गाळणी तशीच.

आता जागा नव्हती. एकही माणूस हलवायचा तर सगळी रचना मोडायची, आणि मधे उभे असलेले दोघं पुन्हा मधे येतील याचा भरवसा नव्हता. उजव्या कडेला, दाराच्या चौकटीशी, भूषणच्या बायकोच्या पलीकडे एक बारीकशी फट होती. अकरावर ती फट फोटोच्या बाहेर राहत होती. मी अक्कांना तिथे उभं केलं, कोठीपाशी आले, आणि कडी दहावर नेली.

अक्का आल्या. पुऱ्या आल्या, गाळणीसकट.

"अक्का, तुमचा चेहरा ताणला जाईल हां. अगदी टोकाला आहात."

"ताणू दे," अक्का म्हणाल्या. "माले काय आते लगीन करनं शे?"

लोक हसले. हसू ओसरायची वाट बघून मी म्हटलं, "श्वास धरा."

त्यानंतर बायकांनी कानबाई डोक्यावर घेतली, ढोल सुरू झाला आणि सगळं गाव नदीकडे निघालं. मी मागून चालत होते, एक हात कॅमेऱ्यावर. गर्दीत नाना आणि आबा कुठे आहेत ते मला दिसलं नाही, बरोबर होते की वेगळे. निघताना नानांना विचारायचा धीर झाला नाही. अक्कांनी वाटेसाठी पुरणाच्या पोळ्या बांधून दिल्या.

घरी आल्यावर दोन मोठे फोटो करून घेतले, दोन घरांना दोन, अगदी सारखे. कागदात गुंडाळताना पुन्हा एकदा पाहिले. मधले सगळे जसेच्या तसे. पण उजव्या टोकाला अक्का भलत्याच आल्या होत्या, एवढीशी बाई, आणि चेहरा केवढा, गाळणीचा हात तर दारापेक्षा मोठा. जरा सरळ करता येतं कॉम्प्युटरवर, मी केलं, पण जास्त केलं तर त्या बाहेर जात होत्या. तसेच पाठवले. पाठवल्यावर आठ दिवस फोन वाजला की मी दचकायचे.

फोन आला तो नानांच्या नंबरावरून, पण आवाज आबांचा.

"फोटो मिळाले पोरी. चांगले आहेत."

"आबा, अक्कांचा चेहरा…" मी सुरू केलं, "ते टोकाला असल्यामुळे, मी सरळ करायचा प्रयत्न केला, पण…"

"राहू दे, राहू दे. मी नानाला म्हटलं, बघ, घरात मोठं कोण ते काचेला बरोबर कळलं."

मी विचारलं, "नाना काय म्हणाले?"

"काय म्हणतो? हसतोय इथे बसून. घे, त्यालाच देतो."